तुटपुंज्या पैशांत कच्चा आहार: इंदूरच्या एका घरातला हिशेब आणि रीत

कच्चा आहार सुरू करायचे मनात आले की आपण पिशवी घेऊन प्रथम फळवाल्याकडे जातो, आणि महिन्याचे गणित तिथेच कोलमडते. मीही तेच केले होते. सफरचंदे, डाळिंबे, बदाम, अक्रोड, काजू असा भरगच्च बाजार करून आणला. आठ दिवसांत महिन्याच्या किराण्याचे निम्मे पैसे संपले, आणि एवढे करून दुपारी चारच्या सुमारास पोटात कावळे ओरडायचे ते ओरडतच राहिले. त्यानंतर वही काढून प्रत्येक जिन्नसाचा भाव आणि त्यातून मिळणारे पोषण शेजारी शेजारी मांडले, तेव्हा लक्षात आले की कच्च्या आहाराचा पाया फळांनी घातला तर तो महाग पडतो, आणि मोड आलेल्या कडधान्यांनी व शेंगदाण्या-तिळांनी घातला तर तो साध्या वरण-भात-पोळीच्या जवळपास येतो. आज आमच्या रामबागेतल्या घरात सकाळ-दुपार कच्चे आणि रात्री शिजवलेले, असा क्रम तीन वर्षे चालू आहे. संपूर्ण दिवस कच्चेच का खात नाही, याचे कारण पुढे हिशेबातच दिसेल.

कच्चा आहार म्हणजे काय, हे आधी नीट समजून घ्यावे, कारण गैरसमजापायीही पैसे जातात. साधारणपणे 40 ते 48 अंश सेल्सिअसच्या पुढे न तापवलेले अन्न कच्चे मानतात. या व्याख्येने आपले पोहे कच्चे ठरत नाहीत, कारण भात, म्हणजे टरफलासकट तांदूळ, गरम पाण्यात भिजवून, भाजून आणि मग दडपूनच पोहे तयार होतात. दडपे पोहे करताना आपण गॅस पेटवत नाही, एवढाच फरक. गूळ हा उसाचा रस आटवूनच होतो. आणि काजू तर टरफल फोडण्याआधी बहुधा वाफवलेले किंवा भाजलेले असतात, त्यामुळे कच्चे म्हणून चढ्या भावाने घेतलेला काजू बहुतेक वेळा कच्चा नसतोच. मी स्वतः या बाबतीत सोवळे पाळत नाही, कोशिंबिरीत गुळाचा खडा खुशाल घालते. मात्र केवळ कच्चेपणासाठी महाग वस्तू घेऊ नये, हे आवर्जून सांगते.

आता भाव. ते रोज बदलतात, म्हणून आकड्यांपेक्षा रीत लक्षात ठेवावी. एखाद्या वस्तूच्या 100 ग्रॅममध्ये प्रथिने किती, हे पाहून 10 ग्रॅम प्रथिनांना किती पैसे पडतात ते काढायचे. मुगात 100 ग्रॅमला सुमारे 24 ग्रॅम प्रथिने असतात. मूग 120 रुपये किलो धरला तर 10 ग्रॅम प्रथिने पाच रुपयांत पडतात. शेंगदाण्यात ती सुमारे 25 ग्रॅम असतात; 140 रुपये किलोने 10 ग्रॅमला साडेपाच रुपयांच्या आसपास पडतात, आणि वर 100 ग्रॅमला साडेपाचशेहून अधिक उष्मांक मिळतात. बदामात प्रथिने 20 ग्रॅमच्या आसपास. तो 800 रुपये किलो धरला तर तेवढ्याच प्रथिनांना 40 रुपये मोजावे लागतात. बदाम वाईट नाही, पण ज्याचा खिसा हलका आहे त्याने शेंगदाणे खाऊन स्वतःला कमी लेखण्याचे काहीच कारण नाही. सफरचंद, डाळिंब, किवी यांचे गणित तर प्रथिनांच्या आणि उष्मांकांच्या दोन्ही बाजूंनी इतके तोट्याचे आहे की मी ती आजारी माणसाला भेटायला जातानाच विकत घेते.

कडधान्ये, दाणे आणि तीळ मी दोन महिन्यांचे एकदम सियागंजाच्या घाऊक बाजारातून आणते. दाणे घेताना मूठभर हातावर पसरून पाहावेत. सुरकुतलेले, काळपट, बुरशीचा वास येणारे किंवा चावल्यावर कडवट लागणारे दाणे असतील तर तो माल घेऊ नये, कारण शेंगदाण्यावरच्या बुरशीतून तयार होणारे अफ्लाटॉक्सिन यकृताला घातक असते आणि धुऊन किंवा भिजवून जात नाही. घरी आणल्यावरही निवडताना असे दाणे बाजूला काढून फेकून द्यावेत. त्यात जीव अडकवू नये.

मोड आणण्याबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण सगळ्या आहाराचा भार त्यावर आहे. एका माणसाला दिवसाला 60 ग्रॅम कोरडे मूग, म्हणजे साधारण लहान वाटीभर, पुरतात. ते निवडून, तीन-चार पाण्यांनी धुऊन, पिण्याच्या पाण्यात रात्रभर भिजवावेत. उन्हाळ्यात सहा तासही पुरतात, त्याहून जास्त ठेवल्यास पाण्याला फेस येऊ लागतो. सकाळी पाणी पूर्ण निथळून मूग स्वच्छ सुती फडक्यात सैलसर बांधावेत. फडके दर वेळी उकळत्या पाण्यातून काढून कडक उन्हात वाळवलेले असावे, आणि ते दुसऱ्या कशालाही वापरू नये. गाठोडे चाळणीत ठेवून खाली ताटली ठेवावी, म्हणजे पाणी साचत नाही आणि हवा लागते. दर सात-आठ तासांनी गाठोडे सोडून मूग पिण्याच्या पाण्याने धुवावेत, पुन्हा निथळावेत, पुन्हा बांधावेत. मे महिन्यात, इंदुरात पारा 40 अंशांच्या वर जातो तेव्हा, बारा-चौदा तासांत मोड येतात. मी त्या दिवसांत चाळणी माठाच्या गार अंगाला टेकवून ठेवते. पौषात मात्र दीड दिवस लागतो आणि गाठोडे स्वयंपाकघराच्या उबदार कोपऱ्यात, वरून दुसरे जाड फडके टाकून ठेवावे लागते. मोड अर्ध्या बोटाएवढा लांब होण्याची वाट पाहू नये. दाण्यातून पांढरे टोक नुकते बाहेर आले की खायला घ्यावेत. तेव्हा मूग गोडसर लागतो, पचायलाही बरा आणि जंतूंनाही वाढायला वेळ मिळालेला नसतो.

ही शेवटची गोष्ट मी अनुभवाने शिकले. एका श्रावणात मोड आलेले मूग मी उरले म्हणून बंद डब्यात ओट्यावरच दोन दिवस ठेवले. वरून ठीक दिसत होते, पण बोटांना किंचित बुळबुळीत लागले. तरी धुऊन घेतले आणि लिंबू पिळून खाल्ले. आम्हा दोघांनाही पुढचे तीन दिवस जुलाबांनी अंथरुणावरून उठू दिले नाही. मोड येण्याला जी ऊब आणि ओल लागते, तीच साल्मोनेला आणि ई. कोलाय यांसारख्या जंतूंनाही लागते, आणि ते बियाण्यावरच असतील तर मुगांबरोबर तेही वाढतात. म्हणून आता नियम असा, की मोड आल्यावर त्याच दिवशी खायचे, फ्रिजमध्ये ठेवले तर फार तर दुसऱ्या दिवशी, आणि बुळबुळीतपणा किंवा आंबूस वास आला तर थेट कुंड्यांतल्या खतात. आषाढापासून भाद्रपदापर्यंत मी मोड पाच-सात मिनिटे वाफवूनच घेते. तसे ते कच्चे राहत नाहीत, याची मला खंत वाटत नाही.

मूग पचू लागल्यावर, म्हणजे दोन-तीन आठवड्यांनी, मटकी आणि मग थोडे थोडे हरभरे घ्यावेत. हरभऱ्याने पोट फुगते. त्याला बारा तास भिजवणे लागते आणि आल्याचा कीस सोबत हवाच. हरभऱ्याची डाळ मात्र आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या कच्ची खाल्ली जाते. चैत्रातल्या हळदीकुंकवाची आंबेडाळ म्हणजे चार-पाच तास भिजवून भरड वाटलेली डाळ, किसलेली कैरी, खोबरे, मिरची आणि मीठ. फोडणी सोडली तर त्यात काहीच शिजलेले नसते. कैरी संपली की तीच डाळ लिंबू पिळून वर्षभर करता येते. आमच्या सासूबाईंना कच्चा आहार हा शब्द पटत नव्हता, पण ही डाळ समोर ठेवली की त्या म्हणत, ‘‘यात नवीन काय केलंस गं तू?’’ आणि त्यांचे खरेच होते. कोशिंबीर, पचडी, खमंग काकडी, दहीकाला, पन्हे हे सारे आपल्याकडे आधीपासून आहे, फक्त ते पानाच्या डाव्या बाजूला होते.

भाजी मी आठवड्यातून तीनदा, थोडी थोडी घेते. कच्च्या आहारात पैसा सडण्यात जातो. स्वस्त मिळाली म्हणून धडीभर, म्हणजे पाच किलो, काकडी उचलली आणि त्यातली दोन किलो मऊ पडली तर ती स्वस्त कुठे राहिली? चोइथराम मंडीत भाव उतरलेले असतात हे खरे, पण तिथे घाऊक माल घ्यावा लागतो, शिवाय जाण्या-येण्याचे पैसे आणि अर्धा दिवस मोडतो. आमच्या गल्लीतल्या तीन घरांनी मिळून पंधरवड्यातून एकदा जायचे आणि गाजरे, कोबी, बीट, लिंबे असा टिकाऊ माल वाटून घ्यायचा ठरवले, तेव्हाच ते परवडू लागले. पालेभाजी आणि काकडी मात्र दाराशी येणाऱ्या भाजीवालीकडून किंवा जवळच्या हाटातून घ्यावी. संध्याकाळी उशिरा हाटात भाव पडतात. त्या वेळी टोमॅटो, मुळे, काकड्या घ्यायला हरकत नाही, पण दिवसभर उन्हात राहिलेली, पुन्हा पुन्हा पाणी शिंपडलेली पालेभाजी कच्ची खाण्यासाठी घेऊ नये. ती स्वस्तात मिळाली तर रात्रीच्या भाजीला जाऊ द्यावी.

ऋतूप्रमाणे खाल्ले तर माळव्यात फळेही आवाक्यात येतात. हिवाळा हा सुरुवात करायला सगळ्यात चांगला काळ: गाजर, मुळा, बीट, टोमॅटो उतरलेले असतात, बटला, म्हणजे मटार, आणि छोड, म्हणजे हिरवा हरभरा, सोलून तसाच खाता येतो, आणि जाम येतो. इंदुरात पेरूला जामच म्हणतात. पेरूत 100 ग्रॅमला 200 मिलिग्रॅमच्या पुढेमागे जीवनसत्त्व क असते, संत्र्याच्या कितीतरी पट, आणि आवळ्यात त्याहूनही अधिक; हिवाळ्यात एक पेरू किंवा एक आवळा रोज खाल्ला तर त्या जीवनसत्त्वासाठी दुसरे काही आणावे लागत नाही. याचा आणखी एक उपयोग आहे. कडधान्यांतले लोह शरीरात शोषले जायला क जीवनसत्त्वाची मदत होते, म्हणून मोडांवर लिंबू पिळायचे ते निव्वळ चवीसाठी नव्हे. जेवणाला लागून चहा घेतला तर तेच लोह अडते, तेव्हा मध्ये तासाभराचे अंतर ठेवावे. उन्हाळ्यात कलिंगड, खरबूज, काकडी आणि कैरी. पावसाळ्याच्या शेवटी माळव्याची ती भली मोठी बालम काकडी आणि सीताफळे. आणि बारा महिने केळी व पपई. केळे हे गरिबाचे पक्वान्न आहे: 100 ग्रॅमला जवळपास 100 उष्मांक, साल काढायची असल्याने धुण्याची चिंता कमी, आणि डाग पडलेली पिकलेली केळी तर आणखी स्वस्त मिळतात.

धुण्याच्या बाबतीत काटकसर करू नये. शिजवताना उष्णता जे काम करते, ते कच्च्या आहारात आपल्या हातांना करावे लागते. कोबी, पालक, कोथिंबीर, लेट्यूस यांचे पान न् पान सुटे करून वाहत्या स्वच्छ पाण्याखाली दोन्ही बाजूंनी चोळून धुवावे, कारण दूषित मातीतून किंवा पाण्यातून आलेली फीतकृमीची अंडी पानांच्या घड्यांत चिकटून राहू शकतात, आणि ती पोटात गेल्यास त्यांतून निघणाऱ्या अळ्या मेंदूपर्यंत पोचून फेफऱ्याचा आजार जडू शकतो. कोबीची बाहेरची दोन-तीन पाने काढून टाकावीत. मिठाच्या पाण्यात बुडवले की किडे-अळ्या बाहेर येतात, पण त्याने सगळे जंतू मरतात अशी समजूत धरू नये. खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने वरवरची काही कीटकनाशके निघतात, आत मुरलेली निघत नाहीत. शेवटचे पाणी पिण्याचे असावे. आमच्याकडे ते उकळून गार केलेले असते. पालेभाजी कुठल्या पाण्यावर वाढली, हे भाजीवालीला विचारायला संकोचू नये. नाल्याच्या काठची असेल आणि ती प्रामाणिकपणे सांगत असेल, तर तिच्याकडून दुसरे काही घ्यावे. मी आता कोथिंबीर, पुदिना आणि मेथी गच्चीवरच्या तीन जुन्या टबांत लावते. धणे आणि मेथीदाणे घरातलेच, त्यामुळे खर्च जवळपास शून्य.

आता एका दिवसाचा हिशेब मांडते. भाव वर धरले तसे, आपापल्या बाजाराप्रमाणे बदलून घ्यावेत. सकाळी रात्रभर भिजवलेले 40 ग्रॅम दाणे आणि दोन केळी. दुपारी 60 ग्रॅम मुगांचे मोड, त्यात काकडी, गाजर, मुळा, टोमॅटो यांतले मिळून 300 ग्रॅम, ओला नारळ 30 ग्रॅम, 15 ग्रॅम तीळ, लिंबू, कोथिंबीर. चारच्या सुमारास 300 ग्रॅम पेरू किंवा पपई. संध्याकाळी 50 ग्रॅम हरभरा डाळीची लिंबू पिळलेली डाळ आणि 200 ग्रॅम घरचे दही. माझ्या हिशेबाने याला 80 ते 85 रुपये लागतात. यात मूग, दाणे, तीळ आणि डाळ या चौघांवर जेमतेम 20 रुपये जातात, आणि दिवसाच्या सुमारे 54 ग्रॅम प्रथिनांतली 38 ग्रॅम तीच देतात. उष्मांकांतलाही निम्मा वाटा त्यांचाच. केळी आणि पेरू मिळून 28 रुपये खातात. पैसे कमी पडले तर फळांतून कमी करावेत, मुगातून नव्हे.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीप्रमाणे प्रौढ माणसाला वजनाच्या दर किलोमागे 0.83 ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे 55 किलोच्या बाईला सुमारे 46 ग्रॅम आणि 65 किलोच्या पुरुषाला 54 ग्रॅम; वरच्या पानात ती बसतात. पण उष्मांकांची बेरीज केली तर ती 1300 च्या आसपास थांबते, आणि बैठे काम करणाऱ्या बाईला सुमारे 1660, पुरुषाला 2110 लागतात. अंगमेहनतीचे काम असेल तर तूट आणखी वाढते. ही तूट कच्च्या वस्तूंनी भरायची तर दाणे, नारळ आणि केळी इतकी वाढवावी लागतात, की एक तर पोट बिघडते किंवा खर्च. तीन-चार पोळ्या आणि एक पालेभाजी ती सहज आणि स्वस्तात भरून काढतात. आमच्या घरी रात्री चूल पेटते ती याच कारणाने. गांधीजींनी 1929 साली साबरमतीच्या आश्रमात सहकाऱ्यांसह न शिजवलेल्या अन्नाचा प्रयोग केला होता, आणि पोटाच्या विकारामुळे तो त्यांना काही महिन्यांतच थांबवावा लागला. त्यांच्याइतका निग्रह असलेल्या माणसाला जे जड गेले, ते आपल्याला जड गेले तर त्यात हार मानण्यासारखे काही नाही. शिजवण्याचे फायदेही आहेत: गाजरातले बीटा कॅरोटीन आणि टोमॅटोतले लायकोपीन शिजवल्याने अधिक सहज मिळते. कच्चे खातानाही सोबत तीळ, दाणे किंवा खोबरे असावे, कारण ही द्रव्ये स्निग्ध पदार्थांबरोबरच अंगी लागतात.

काही वस्तू मात्र कच्च्या खाऊच नयेत, कितीही स्वस्त असोत. राजम्यात आणि वालात कच्चेपणी विषारी घटक असतात आणि मोड आणून ते पुरते जात नाहीत. आपल्या माळव्यात सोयाबीन घरोघरी पिकते, परंतु कच्च्या सोयाबीनमधले घटक प्रथिनांचे पचनच अडवतात, तेव्हा ते मोड आणूनही शिजवूनच घ्यावे. माळव्यातला गराडू हा कंद, सुरण आणि अळू घशाला खाजतात ते त्यांतल्या सुईसारख्या ऑक्झलेटच्या स्फटिकांमुळे. हिरवट पडलेला बटाटा टाकून द्यावा. दुधी किंवा काकडी चिरल्यावर तिचा तुकडा जिभेला लावून पाहावा, आणि कडू लागल्यास सगळी फेकावी. कडू दुधीचा रस पिऊन माणसे दगावली आहेत, म्हणून औषध म्हणून डोळे मिटून तो पिऊ नये.

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी, लहान मुलांनी, फार म्हाताऱ्या किंवा प्रतिकारशक्ती कमी झालेल्या माणसांनी कच्चे मोड टाळावेत. मधुमेहावर गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी, मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी आणि रक्त पातळ ठेवणारी औषधे घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा बदल करू नये, कारण फळांतले पोटॅशियम आणि पालेभाज्यांतले के जीवनसत्त्व त्यांच्या बाबतीत साधी गोष्ट राहत नाही. बी 12 जीवनसत्त्व वनस्पतींतून मिळत नाही. दूध-दही रोज घेत नसाल तर त्याची गोळी लागतेच, आणि घेत असाल तरी वर्षातून एकदा रक्त तपासून घ्यावे. मोडांत किंवा हिरव्या पाल्यात ते असते, असे कोणी सांगितले तरी विसंबू नये.

पहिल्या आठवड्यात एकच वेळ कच्ची ठेवावी, तीही दुपारची, म्हणजे पोटाला सवय व्हायला अवधी मिळतो आणि घरातल्या इतरांचा स्वयंपाकही विस्कळीत होत नाही. दाणे 20 ग्रॅमपासून आणि मूग अर्ध्या वाटीपासून सुरू करून तीन आठवड्यांत पूर्ण प्रमाणावर यावे, आणि प्रत्येक घास बारीक चावावा, कारण कच्च्या दाण्याचा तुकडा तसाच गिळला तर तो तसाच बाहेर पडतो. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला वजन करून वहीत लिहावे. कमी करण्याची गरज नसताना वजन दोन किलोंहून अधिक उतरले असेल, चक्कर येत असेल किंवा केस जास्त गळू लागले असतील, तर रात्रीची एक पोळी आणि सकाळचे मूठभर दाणे वाढवावेत, आणि पुढच्या महिन्यातही तसेच राहिले तर दुपारचे मोड वाफवून, वरण-भाताबरोबर घ्यायला लागावे.